चित्रात गाय नव्हती

कथेतल्या बाईचं नाव मनकर्णानं बदललं होतं. गाव बदललं, नवऱ्याचा धंदा बदलला, दोन मुलींच्या जागी दोन मुलगे केले. गाय तेवढी तशीच राहिली. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, डावं शिंग मुळातून मोडलेलं.

चारा छावणीत माणसं एकमेकांना जनावरांवरून ओळखतात. मनकर्णा स्वतः दोन म्हशी घेऊन तिथं राहत होती, रोज संध्याकाळी बायकांना पोथी वाचून दाखवी, तिला लोक 'म्हशीवाली पोथीवाली' म्हणत, तरी ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. लिहिताना ती बाईला झाकायला बघत होती. गाईला झाकावं असं तिच्या मनातही आलं नाही.

छावणी आष्टीच्या अलीकडच्या माळावर होती, गावच्या दूध उत्पादक सहकारी संस्थेनं चालवलेली. श्रावण निम्मा सरला होता आणि आभाळ पितळी भांड्यासारखं कोरडं चकचकीत होतं. घरटी एक माणूस जनावरांपाशी राहिलंच पाहिजे असा छावणीचा नियम. ते माणूस बहुतेक बाईच असायची. पुरुष दिवसा येत, टपरीवर बसत, संध्याकाळी गावाकडं जात.

आंघोळीला आडोसा नव्हता. ताडपत्र्या होत्या त्या चाऱ्यावर घातलेल्या. टँकरचं पाणी जनावरांच्या नावानं यायचं, त्यातलं घमेलंभर बायका बाजूला काढून ठेवत आणि आपसात त्यांनी एक रीत पाडून घेतली होती. एका बाजूला उसाच्या वाढ्यांचा, हिरव्या शेंड्यांचा, ढीग, दुसऱ्या बाजूला आडवी उभी केलेली गाय. मधे एकीनं बसायचं. दुसरीनं गाईचं दावं धरून उभं राहायचं आणि तोंड पलीकडं फिरवायचं. पारूबाईची एकशिंगी गाय गरीब होती, हलत नसे, म्हणून पुष्कळ बायका तिच्याच आडोशाला बसत. पारूबाईचं दावं धरायला मात्र रोज मनकर्णा.

पारूबाई तिशीची. दर दसऱ्याला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. तोडीचे दिवस बुडू नयेत म्हणून तिची गर्भपिशवी काढून टाकलेली होती, तिकडच्या बायकांत काढतात तशी. एके सकाळी आंघोळ करता करता ती म्हणाली, "मनकर्णे, इकडं बघ."

मनकर्णानं तोंड फिरवलं.

"हे बघितलंस? इथं कुणी हात लावत न्हाई. नवरा तर न्हाईच. मीबी न्हाई." आणि असं म्हणत तिनं स्वतःच्या पोटावरच्या आडव्या वणावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

एवढंच. मनकर्णानं त्यावर कथा लिहिली. संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी साहित्य मागवलं होतं. संपादक मोहनराव सर, मूळचे गावचेच, अंबाजोगाईला कॉलेजात मराठी शिकवणारे. त्यांना कथा फार आवडली. त्यांनी निरोप पाठवला, 'वास्तव आहे, धाडसी आहे.' पारूला लिहितावाचता येत नव्हतं. वाचून दाखवावं असं मनकर्णाला वाटे, आणि लाज वाटून ती आज-उद्या करीत राहिली.

चित्र आष्टीच्या एका पेंटरनं काढलं होतं, एरवी खताच्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या. त्यानं कथा वाचली नसावी. भिजून अंगाला चिकटलेलं पातळ, मोकळे केस, भरदार छाती, बाई गुडघ्याइतक्या पाण्यात उभी आणि मागं धबधबा. चित्रात गाय नव्हती. वणही नव्हता.

अंक छावणीत आला त्या सकाळी जनावरांचे डॉक्टरही आले होते. शहादेवाची, म्हणजे पारूच्या नवऱ्याची, कालवड माजावर होती, ती भरवायची होती. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत प्लास्टिकचा हातमोजा चढवला. शहादेवानं शेपूट धरली, बायका, म्हातारी, शेंबडी पोरं सगळी गोल करून उभी राहिली. "आजून आत जाऊ द्या डॉक्टर," "फळंल आता, चांगली धरलीय," असं चाललं होतं. कुणालाही काही वाटलं नाही, आणि वाटायचं कारणही नव्हतं. काम आटोपलं, डॉक्टरांनी हात धुतले, मंडळी टपरीवर गेली. तिथं म्हाळूनं अंक उघडला आणि म्हणाला, "च्यायला, काय नागवं लिवलंय बे हे!"

म्हाळू संस्थेच्या विरुद्ध पॅनेलचा. आवाज मोठा, शाळा सातवीपर्यंत. त्यानं बोट ठेवत ठेवत वाचलं. पहिल्या पानावर हशा झाला, दुसऱ्या पानावर थांबला, कारण तिथं गाय आली होती.

"एक शिंग?" कुणीतरी विचारलं.

"एक शिंग. तांबडी. कपाळावर ठिपका."

सगळ्यांनी शहादेवाकडं पाहिलं. तो चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

दुपारी पारू गाईला पाण्यावर घेऊन निघाली तेव्हा टपरीवरून हाक आली. हाक तिला नव्हती, गाईला होती. "काय गं एकशिंगे, काय काय बघितलंस? आमालाबी सांग की!"

"ती सांगंल कशी, तिचं तोंड पलीकडं असतंय!"

"मंग शेपटीनं इशारा कर म्हणावं!"

पारूला पहिल्या दिवशी कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी शहादेवानं वाढ्यांच्या मोळीनं तिला सांगितलं. पाठीवर वाढ्याची पानं उठली तरी ती ओरडली नाही. शेजारच्या दावणी ऐकत होत्या. "ती तू निघालीस ना," शहादेव दम खात म्हणाला, "तर हितंच सोडून जाईन. दसऱ्याला कोयत्यावर दुसरी घेऊन जातो." ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता होतो, जोडीतली बाई बदलली तरी कोयता चालतो.

संध्याकाळी मनकर्णा रोजच्यासारखी पोथी घेऊन आली, तर पोथीच्या पाटावर आधीच एक उपडं घमेलं ठेवलेलं. बायका खाली बघत होत्या. "आज नको," एकजण म्हणाली. "त्या तोंडानं नको, मनकर्णे. राग मानू नको."

तिनं पोथी परत फडक्यात बांधली. रागाची गोष्टच नव्हती. आपल्या हातून काय झालं ते तिला तेव्हाच, फडक्याला गाठ मारता मारता समजलं.

संस्थेची निवडणूक तोंडावर होती, म्हणून चेअरमन सुंदररावांनी सोमवारी ऑफिसपुढच्या मांडवात सगळ्यांना बोलावलं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. मोहनराव सर अंबाजोगाईहून मुद्दाम आले होते, कारण दोष शेवटी संपादकावर येणार होता.

"सर," सुंदरराव म्हणाले, "पानाच्या ह्या अंगाला मंत्रीसाहेबाचा शुभसंदेश हाय. आन त्या अंगाला ही उघडी. अंक मिटला की दोगं तोंडाला तोंड लावून झोपत्यात. आमी लोकाला काय सांगावं?"

हशा ओसरेपर्यंत सर थांबले. मग उभे राहिले. "नग्नता वेगळी आणि अश्लीलता वेगळी. अश्लीलता शब्दांत नसते, वाचणाऱ्याच्या नजरेत असते. मी तुम्हाला तो उताराच वाचून दाखवतो. त्यात काय वाईट आहे ते तुम्हीच सांगा."

मनकर्णा बायकांत बसली होती. "सर, नको," ती म्हणाली. ती नेहमीच हळू बोलायची. कुणाला ऐकू गेलं नाही.

सरांचा आवाज फार चांगला. त्यांनी सावकाश, शब्दाशब्दाला जागा देत वाचलं:

"'तिनं ओंजळभर पाणी वणावरून सोडलं. शिवलेली ती रेघ पोटावर आडवी पडली होती, नांगरलेल्या वावरातल्या शेवटच्या तासासारखी. तिनं तिथं हात ठेवला आणि काढलाच नाही. छाती उघडी होती. दोन लेकरांनी प्यालेली, आता कुणाच्याच कामाची न राहिलेली. आणि आज पहिल्यांदा ती फक्त तिची होती.'"

'छाती'पाशी ते थोडे थांबले होते आणि त्यांनी वर पाहिलं होतं. वक्ते पाहतात तसं.

"पुन्यांदा वाचा सर," मागून कुणीतरी म्हणालं, "मागं ऐकाया आलं न्हाई."

सरांना बरं वाटलं. त्यांनी पुन्हा वाचलं, थोडं अजून चढ्या आवाजात. पुरुषांच्या बाजूला कुणी खोकलं, कुणी मांडीवर थाप मारली. पारू बायकांच्या कडेला तोंडावर पदर घेऊन बसली होती. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते ती आत्ता, या सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा ऐकत होती.

"कला हाय म्हणा, काय बी म्हणा," म्हाळू उठला. "गाय कुणाची तेवढं सांगा."

"गाय माझी हाय," शहादेव बसल्या जागेवरून बोलला. "बाई माझी निघाली तर माझी ऱ्हायली न्हाई. आत्ता सगळ्यांदेखत सांगतो. तसंबी तिच्यात आता काय शिल्लक हाय?"

सुंदररावांनी हात वर केला. ते वर्षानुवर्षं दुधाची भांडणं सोडवत आले होते; दुधात पाणी असतं किंवा नसतं. "हे बघा, साधं हाय. खरं असंल तर ते दुःख हाय. त्या बाईनं उठून सांगावं, आपण हात जोडू. खोटं असंल, मनानं रचलेलं असंल, तर मंग तो चावटपणा हाय. पान फाडू आन मनकर्णाबाईच्या म्हशी छावणीबाहेर."

"कथा खरी-खोटी नसते, चेअरमनसाहेब," सर म्हणाले.

"मंग तुमीच म्हणलेत ना, वास्तव हाय म्हणून?"

सर खाली बसले.

मांडवातली सगळी तोंडं हळूहळू पारूच्या पदराकडं वळत होती. मनकर्णा उठली.

"ती मी हाय."

तिचा नवरा, कारभारी, मांडवाच्या बाहेर मोटारसायकलला टेकून उभा होता. तो सरळ झाला.

"पारूअक्काची गाय गरीब हाय," मनकर्णा म्हणाली. "माझ्या म्हशी हालत्यात. म्हणून मी तिच्या गाईआड बसते. समद्याच बसत्यात. इचारा बायकांना."

बायकांनी माना हलवल्या. ते खरंच होतं.

"आन वण?" म्हाळूनं विचारलं.

"हाय."

"कथेत तर सगळंच असतंय. खात्री काय?"

सुंदररावांना हा मुद्दा पटला. त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. "केसरबाई, तुमी आत नेऊन बघा आन सांगा."

कथा तपासायला बाईचं पोट बघायचं, हे तिथं कुणालाच वावगं वाटलं नाही. सर "हे मात्र..." एवढं म्हणाले, आणि अंक मिटून त्यांनी मांडीवर ठेवला.

केसरबाईंना निवडण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्या चातुर्मासात खोटं बोलत नसत. दुसऱ्या बायका कांदा सोडतात, कुणी पानावर जेवतात, केसरबाईंचा नेम हा. तपासणीच्या साहेबानं विचारलं तर मेलेलं जनावर दावणीवर दाखवलंय हेही त्या सांगून टाकत, आणि त्यामुळं त्यांच्या शेजारी दावण बांधायला कुणी तयार नसे.

चाऱ्याच्या गंजीवरची ताडपत्री त्यांनी एका हातानं वर धरली. "चल आत."

आत उन्हानं कोंदलेलं होतं, वाढ्यांचा आंबूस वास.

"वर कर."

मनकर्णानं पोलकं वर केलं, निऱ्या खाली सरकवल्या. केसरबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं, मग बोट फिरवलं. सोमवारचा उपास, बोट गार होतं. पोट कोरं होतं.

"कुठाय?"

"न्हाई, मावशी."

"मला ठाऊक व्हतं. कावून केलंस हे? चातुर्मासात मला खोटं बोलाया लावायलीस तू."

"तुमी खरंच सांगा. माझ्या म्हशी जातील, तेवढंच."

"तेवढंच? मी न्हाई म्हणलं की ते पारूला आणतील ह्याच ताडपत्रीआड. आन बघाया मलाच लावतील." केसरबाईंच्या गळ्यातली तुळशीची माळ वरखाली होत होती. "तुझ्यावरच थांबू दे. एक झाली, दुसरी नको."

मग त्यांनी मनकर्णाच्या बेंबीखाली नख रोवलं आणि आडवं ओढलं. घाई केली नाही. मनकर्णानं पदर तोंडात धरला.

"घे. आता हाय कायतरी," केसरबाई म्हणाल्या. "आन ऐक. वर गेल्यावर मला ह्याचा जाब इचारला, तर मी तुझं नाव सांगणार हाय."

बाहेर आल्यावर त्या मांडवाच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"हाय."

"आडवा?" म्हाळू.

"आडवा."

"केवढा?"

केसरबाईंनी स्वतःच्या लुगड्यावरून, पोटावर, बोटानं रेघ ओढून दाखवली. त्यांचं वय सत्तरीच्या पुढं. पुरुषांनी त्या बोटाबरोबर नजर नेली.

"आन ते दुसरं? छातीचं लिवलंय ते?"

"बस की आता, भाड्या," केसरबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून शिवी निघालेली कुणी ऐकली नव्हती. मांडव हसला.

सुंदरराव उभे राहिले. "म्हणजे खरं हाय. म्हणजे दुःख हाय. सर, तुमचं बरोबर निघालं, कला हाय." आणि त्यांनी टाळी वाजवली. महोत्सवातल्या शाली ऑफिसात उरलेल्या होत्या, एक शाल आणि नारळ आणवला. "गावची लेखिका हाय आपली. या, मनकर्णाबाई."

नाही म्हणायची सोय नव्हती. ती पुढं गेली. चालताना निऱ्यांचा खोचा ओरखड्यावर घासत होता. सरांनी शाल पांघरली आणि दोन शब्द बोलले, की कलावंताला आपलं सर्वस्व उघडं करावं लागतं. टाळ्या वाजत होत्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्या माणसांच्या नजरा तिच्या तोंडावर नव्हत्या. ज्यांनी अंक वाचला नव्हता त्यांनीही चित्र पाहिलं होतं. आता त्या बाईला चेहरा मिळाला होता.

शहादेवानं पारूला कोपरानं ढोसलं. "चल. गाईला पाणी दाखवायचंय." त्याच्या आवाजात राग नव्हता. ती वाचली होती.

कारभारी मोटारसायकलजवळून हलला नव्हता. मनकर्णा जवळ आली तसा तो म्हणाला, "सगळ्या छावणीला तुझा वण ठाऊक झाला. मला मातर कधी दिसला न्हाई."

तिनं शाल खांद्यावरून काढून घडी घातली.

"कुणाचा हाय त्यो?"

"माझा हाय म्हणलं ना मी."

"बरं. मंग तुझाच ऱ्हाऊ दे." त्यानं गाडी चालू केली. "म्हशी हायत तवर हितंच ऱ्हा. म्हशी सुटल्या तरी घराकडं येताना इचारून ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णा दावं धरायला गेली. पारूनं घमेलं मांडलं होतं, पोलक्याची बटणं सोडली होती, आणि गाईचं दावं स्वतःच्याच पायाच्या अंगठ्याला गुंडाळून घेतलं होतं.

"आण इकडं," मनकर्णा म्हणाली.

"नको."

"अक्का, आता कुणी तुला काय म्हणणार न्हाई. मिटलं ते."

"मिटलं." पारू पाण्याकडं बघत होती. "सर पहिल्यांदा वाचत व्हते तवा धरणीनं पोटात घ्यावं असं झालतं मला. तुझं तोंड बघू नये वाटलं. मंग त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं. तवा मी नीट ऐकलं. शेवटच्या तासावानी म्हणलीस तू. आन फक्त तिची व्हती, म्हणलीस. मी पदर काढला तोंडावरचा. तू बघितलं न्हाईस."

"मी तुझ्याकडंच..."

"तू चेरमनकडं बघत व्हतीस. मी उठायलेच व्हते, मनकर्णे. माझं हाय, म्हणणार व्हते."

"शहादेवभाऊंनी सोडलं असतं तुला."

"सोडलं असतं. मार खाऊन ऱ्हाण्यापरीस बरं का वाईट, ते माझं मी बघितलं असतं. माझ्या अंगावर दादल्यानं हात टाकला, डॉक्टरनं चाकू घातला, मुकादमानं डोळं लावलं. चांगलं असं एकच कुणीतरी बोललं. ते बी तू उठलीस आन शाल पांघरून घेऊन गेलीस."

मनकर्णाला म्हणायचं होतं, की म्हशींपेक्षा, शालीपेक्षा, मला तुझी काळजी होती. ते खरं होतं. तिनं पारूच्या पोटाकडं पाहिलं.

"जा आता," पारू म्हणाली. "तुझ्यामुळं गाय बुजायली."

पारूनं ओंजळ भरली तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. पाण्याचा आवाज ऐकून गाईनं मान उचलली, अंगठ्याला गुंडाळलेलं दावं सुटलं, आणि ती गरीब एकशिंगी चालत निघून गेली. पारू वाढ्यांच्या ढिगाशी उघड्या पाठीनं, उघड्या पोटानं बसलेली राहिली. मनकर्णा धावली, पदर पसरून आडवी उभी राहायला. पदर पसरला तसं तिचं स्वतःचं पोट उघडं पडलं.

टपरी समोरच होती. चहाचे कप हातात धरलेली दहाबारा माणसं, म्हाळू, कडेला शहादेव. मनकर्णानं भीत भीत तिकडं पाहिलं.

त्यातलं कुणीही पारूकडं बघत नव्हतं.